तारणापुरतीच का माणसे?

हैदराबादच्या गरीब वस्त्यांत 2005 नंतरच्या काही वर्षांत अर्थशास्त्रातला एक गाजलेला प्रयोग झाला. शहरातल्या 104 वस्त्या घेतल्या आणि चिठ्ठ्या टाकून काढाव्यात तशा त्यांतल्या 52 निवडल्या. निवडलेल्या वस्त्यांत स्पंदना या संस्थेने आधी सूक्ष्मकर्ज द्यायचे आणि बाकीच्या वस्त्यांत नंतर, असे ठरले. सहा ते दहा बायकांचा गट, पहिले कर्ज दहा हजारांचे, फेड पन्नास आठवड्यांत. तारण म्हणून दागिना नाही की जमिनीचा कागद नाही. तारण फक्त एकमेकींचा शब्द. एकीचा हप्ता चुकला तर बाकीच्यांनी मिळून भरायचा. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो, रेचल ग्लेनर्स्टर आणि सिंथिया किनन यांनी 2015 मध्ये या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. छोट्या धंद्यांतली गुंतवणूक वाढली होती, पण एकूण घरखर्च, आरोग्य, मुलांचे शिक्षण आणि बाईचा घरातला अधिकार यांत ठळक फरक दिसला नाही. सूक्ष्मकर्जाने गरिबी हटते, या तेव्हाच्या श्रद्धेला त्याने धक्का दिला आणि जगभर चर्चा झाली. मात्र याच वस्त्यांतून पुढे दुसरा एक निष्कर्ष निघाला. त्याची चर्चा वर्तमानपत्रांपर्यंत फारशी आलीच नाही, आणि माझ्या मते तोच अधिक मोलाचा आहे. जिथे कर्ज आले, तिथे माणसांचे एकमेकांशी असलेले संबंध विरळ झाले.

हे दुसरे संशोधन बॅनर्जी, डफ्लो आणि किनन यांनी एमिली ब्रेझा, अरुण चंद्रशेखर आणि मॅथ्यू जॅक्सन यांच्यासह केले. हैदराबादच्या वस्त्यांच्या जोडीला त्यात कर्नाटकातली 75 गावे होती. त्यांतल्या 43 गावांत सूक्ष्मकर्ज पोचले, उरलेल्या गावांत नाही. अडीनडीला हातउसने कोणाकडे मागता, सल्ला कोणाला विचारता, कोणाकडे उठबस आहे, असे प्रश्न घरोघरी विचारून गावातल्या नात्यांचा नकाशाच काढला होता. कर्ज आल्यानंतर हा नकाशा विरळ झाला, यात आश्चर्य नाही. ज्याला संस्थेकडून पैसे मिळतात, त्याला शेजाऱ्याकडे हात पसरावा लागत नाही. आश्चर्य पुढे आहे. ज्या घरांनी कर्ज घेतलेच नाही, घेण्याचा फारसा संभवही नव्हता, त्यांचे आपापसांतले संबंधही तुटले, आणि ते कर्जदारांपेक्षा कमी प्रमाणात नव्हे. कारण ओळखी एकेकट्याने होत नाहीत. पारावर, नळावर, देवळाच्या ओट्यावर चार माणसे येतात म्हणून पाचवे येते. चारांतले दोघे यायचे थांबले की उरलेल्यांची एकमेकांशी गाठ पडणेही कमी होते. म्हणजे नाते ही दोघांची खासगी बाब दिसत असली, तरी ज्या मातीत ती उगवते ती सगळ्यांची सामाईक असते. गायरानासारखी ही सामाईक मालमत्ता कोणाच्या नावावर नसते, म्हणून ती कमी झाल्याची नोंदही कुठे होत नाही. सुखाचा हिशेब मांडताना आपल्या अर्थव्यवस्थेने चुकवलेली रक्कम ती हीच.

इथे एक गैरसमज आधीच दूर करायला हवा. पैशाने सुख मिळत नाही, असे प्रवचनी वाक्य या लेखाला म्हणायचे नाही. रिचर्ड ईस्टरलिन यांनी 1974 मध्ये दाखवले, की एकाच देशात श्रीमंत माणूस गरिबापेक्षा अधिक सुखी असतो, पण देशाचे सरासरी उत्पन्न दीर्घकाळ वाढत गेले तरी सरासरी सुख त्या मानाने वाढत नाही. या विरोधाभासाला 2008 मध्ये बेट्सी स्टीव्हनसन आणि जस्टिन वुल्फर्स यांनी आव्हान दिले. अधिक देशांची आकडेवारी घेतली तर उत्पन्न आणि समाधान बरोबरीने चढतात, असा त्यांचा दावा होता. डॅनियल कानमन आणि अँगस डीटन यांनी 2010 मध्ये अमेरिकेत वर्षाला 75 हजार डॉलरनंतर रोजच्या आनंदाची कमान सपाट होते असे म्हटले, तर मॅथ्यू किलिंग्सवर्थ यांना 2021 मध्ये ती चढतीच दिसली. कानमन आणि किलिंग्सवर्थ यांनी वाद घालत बसण्याऐवजी बार्बरा मेलर्स यांना मध्यस्थ घेऊन 2023 मध्ये एकत्र संशोधन केले. त्यातून निघालेले उत्तर सूक्ष्म आहे. बहुतेकांचा आनंद उत्पन्नाबरोबर वाढत राहतो, पण सर्वांत दुःखी अशा 15 ते 20 टक्के लोकांच्या बाबतीत एका मर्यादेनंतर पैसा काही करू शकत नाही. भूक, आजार, गळके छप्पर यांवर पैसा हेच औषध आहे. वियोग, दुरावा, एकटेपण ही दुखणी मात्र त्या औषधाला दाद देत नाहीत. तेव्हा पैसा की नाती, हा प्रश्नच चुकीचा. पैसा मिळवण्याच्या ज्या रीती आपण निवडल्या, त्यांत नात्यांचे काय होते, हा खरा प्रश्न आहे.

नात्यांचे मोल किती, याची मोजमापे आता पुरेशी झाली आहेत. जागतिक सुख अहवालात माणसाला आपले आयुष्य शून्य ते दहा पायऱ्यांच्या शिडीवर ठेवायला सांगतात. देशादेशांतला फरक ज्या सहा घटकांनी समजावून घेतला जातो, त्यांतला एक घटक साध्या प्रश्नावर उभा आहे : अडचणीत सापडलात तर हमखास मदतीला येईल असे कोणी नातेवाईक किंवा मित्र तुम्हाला आहेत का? 2025 च्या अहवालात भारत 147 देशांत 118 वा आहे, आणि आपल्या माणुसकीबद्दल आपण कितीही अभिमानाने बोलत असलो, तरी नेमक्या याच प्रश्नावर भारताचे आकडे वर्षानुवर्षे कमकुवत राहिले आहेत. जॉन हेलिवेल आणि हैफांग हुआंग यांनी कॅनडातल्या आकडेवारीवरून 2013 मध्ये मांडले, की प्रत्यक्षातल्या मित्रांची संख्या दुप्पट होण्याचा समाधानावरचा परिणाम उत्पन्न निम्म्याने वाढण्याइतका असतो. समाजमाध्यमांवरच्या मित्रांचा तसा परिणाम दिसत नाही. रॉबर्ट बिस्वास-डीनर आणि एड डीनर यांनी कोलकात्यात झोपडपट्टीत आणि फुटपाथवर राहणाऱ्यांना प्रश्न विचारले, तेव्हा एकूण आयुष्याबद्दल त्यांचे समाधान बेताचेच निघाले, पण कुटुंब आणि मित्र यांच्याबद्दल ते समाधानी होते. पुढे त्यांची तुलना अमेरिकेतल्या बेघरांशी केली, तर हातात कितीतरी जास्त पैसा असूनही अमेरिकी बेघर अधिक असमाधानी होते. आरोग्याचेही तसेच. 148 अभ्यासांमधल्या तीन लाखांहून अधिक माणसांची माहिती ज्युलियन होल्ट-लुन्स्टॅड आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये एकत्र तपासली. ज्यांचे संबंध घट्ट, त्यांची जगण्याची शक्यता 50 टक्क्यांनी अधिक होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने जून 2025 मध्ये सांगितले, की जगात सहांतला एक माणूस एकटेपणाने ग्रासलेला आहे आणि त्यापायी वर्षाला सुमारे 8 लाख 71 हजार मृत्यू होतात.

नाती म्हणजे केवळ मनाचा विरंगुळा, असे मानणाऱ्यांनी हैदराबादच्याच पाटणचेरूकडे पाहावे. तिथल्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय शेती संशोधन संस्थेने 1975 पासून काही गावांतल्या घराघराच्या जमाखर्चाची नोंद ठेवली. त्यांत तेव्हाच्या महबूबनगर जिल्ह्यातले औरेपल्ली होते, तसेच सोलापूर जिल्ह्यातली शिरापूर व कळमण आणि अकोला जिल्ह्यातली कान्झरा व किनखेडा ही गावेही होती. रॉबर्ट टाउनसेंड यांनी औरेपल्ली, शिरापूर आणि कान्झरा यांच्या दहा वर्षांच्या नोंदी तपासून 1994 मध्ये एक निबंध लिहिला. विकासाच्या अर्थशास्त्रात तो आज पाठ्यपुस्तकासारखा वाचला जातो. पाऊस लहरी, पीक बेभरवशाचे, त्यामुळे एखाद्या घराचे उत्पन्न एका वर्षी निम्म्यावर यायचे. तरी त्या घराचे खाणेपिणे त्या प्रमाणात कोसळत नसे. ते गावाच्या सरासरीबरोबर वरखाली होई. म्हणजे गाव न बोलता एकमेकांचा विमा उतरवत होते. पायलीभर धान्य, हातउसने पैसे, लग्नाला चार हात, आजारपणात बैलगाडी या रूपांत त्याचे हप्ते भरले जात आणि भरपाईही तशीच मिळे. या विम्याला कार्यालय नव्हते, दलाल नव्हता, आणि राष्ट्रीय उत्पन्नात त्याची दमडीही धरली जात नव्हती. आज त्याच कामासाठी आपण पीकविमा, आरोग्यविमा, कर्जाचे ॲप आणि पाळणाघर विकत घेतो. त्या प्रत्येक खरेदीने राष्ट्रीय उत्पन्न वाढते. त्यातली काही वाढ खरी आहे, कारण विमा कंपनी जात विचारत नाही. पण काही वाढ निव्वळ भरपाई आहे : जे फुकट होते ते गेले, म्हणून ते विकत घ्यावे लागले.

बाजाराला नात्यांची किंमत कळत नाही, असे मात्र नाही. उलट ती फार चांगली कळते. 2010 साली एकत्रित आंध्र प्रदेश हे देशातल्या सूक्ष्मकर्जाचे केंद्र होते आणि एसकेएस, स्पंदना, शेअर अशा मोठ्या कंपन्यांची मुख्यालये हैदराबादेत होती. एसकेएसने त्या वर्षी भांडवली बाजारात उतरून सुमारे 1,650 कोटी रुपये उभे केले. ऑगस्टमध्ये समभागांची नोंदणी झाली. गुंतवणूकदार ज्या वसुलीच्या टक्केवारीवर भाळले होते, ती टक्केवारी शेजारणींच्या एकमेकींवरच्या धाकावर आणि भिडेवर उभी होती. एकाच घराला चार-चार ठिकाणांहून कर्जे दिली गेली, हप्ते अंगावर आले, आणि जी मैत्रीण हमीदार होती तीच दारात तगादा लावू लागली. वसुलीच्या जाचामुळे आत्महत्या झाल्याचे आरोप झाले. ऑक्टोबरमध्ये राज्य सरकारने वटहुकूम काढून आठवडी वसुली बंद केली, परतफेड कोसळली आणि रिझर्व्ह बँकेला मालेगाम समिती नेमावी लागली. समितीने जानेवारी 2011 मध्ये व्याजावर आणि कर्जाच्या रकमेवर मर्यादा सुचवल्या. त्यातून कंपन्यांचे ताळेबंद कालांतराने सावरले. गटांमधले जे संबंध त्या वर्षात तुटले, त्यांच्यासाठी समिती नेमली गेली नाही. ते कोणाच्या ताळेबंदात नव्हतेच. विरोधी पुरावाही इथे महत्त्वाचा आहे. बेंजामिन फायगेनबर्ग, एरिका फील्ड आणि रोहिणी पांडे यांनी कोलकात्यात काही गटांना दर आठवड्याला आणि काहींना महिन्यातून एकदा भेटायला लावले. आठवड्याला भेटणाऱ्या बायका पुढे सभेबाहेरही एकमेकींकडे जाऊ-येऊ लागल्या, आणि पुढच्या कर्जात त्यांच्यातली थकबाकीही लक्षणीय कमी राहिली. भेटीगाठींनी विश्वास तयार होतो आणि नुसत्या तगाद्याने तो खर्ची पडतो. विश्वास वापरायचा पण तयार होऊ द्यायचा नाही, हा व्यवहार फार दिवस चालत नाही.

आता हीच नजर आजच्या हैदराबादवर टाकली तर काय दिसते? सायबर टॉवर्सचे उद्घाटन 1998 मध्ये झाले आणि पंचवीस वर्षांत माधापूर, गच्चीबावलीचा परिसर ओळखू येईनासा झाला. तेलंगणचे दरडोई उत्पन्न 2024-25 मध्ये सुमारे 3.8 लाख रुपये होते, देशाचे सुमारे 2.05 लाख. ही समृद्धी खरी आहे. मराठवाड्यातून, विदर्भातून येणाऱ्या तरुणांना पुणे-मुंबईइतकेच हे शहर नोकरी देते. पण तिची किंमत वेळेत मोजावी लागते. राहायला उप्पल किंवा एल. बी. नगर आणि नोकरी रायदुर्गमला, अशी विभागणी झाली की दिवसाचे दोन-तीन तास रस्त्यावर जातात. ब्रूनो फ्राय आणि अलोइस स्टुट्झर यांनी जर्मनीतल्या आकडेवारीवरून दाखवले, की लांबचा प्रवास करणारे सातत्याने कमी समाधानी असतात. त्यामुळे मिळणारा जादा पगार किंवा स्वस्त घर ही उणीव भरून काढत नाही. कानमन आणि सहकाऱ्यांनी टेक्सासमधल्या 909 नोकरदार बायकांना आदल्या दिवसाचा तासागणिक हिशेब विचारला, तेव्हा सर्वांत नकोसा भाग कामावर जाण्यायेण्याचा आणि सर्वांत हवासा भाग जवळच्या माणसांच्या सहवासाचा निघाला. तरी माणसे घर निवडताना चटईक्षेत्र मोजतात, मित्राच्या घराचे अंतर मोजत नाहीत, कारण पहिल्याला दर आहे आणि दुसऱ्याला नाही. त्यातच जुलै 2025 मध्ये तेलंगण सरकारने व्यापारी आस्थापनांत दिवसाला दहा तास कामाची मुभा दिली. आठवड्याची मर्यादा 48 तासांचीच ठेवली हे खरे. सप्टेंबरमध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानेही कारखान्यांत नवाऐवजी बारा आणि दुकानांत नवाऐवजी दहा तासांना मंजुरी दिली. दोन्हीकडे कारण उद्योगसुलभतेचे. या तासांतून घराच्या, शेजाराच्या आणि मित्रांच्या वाट्याचे किती तास जातील, हा प्रश्न चर्चेत नव्हता.

या मांडणीवर पहिला आक्षेप सर्वांत जड आहे, आणि तो परतवून लावण्याजोगा नाही. त्यातला खरा भाग स्वीकारूनच पुढे जायला हवे. जुनी नाती म्हणजे जात, सासुरवास आणि भावकी नव्हे का? इक्रिसॅटच्या त्याच गावांच्या नोंदी वापरून मार्क रोझेनझ्वाइग आणि ओडेड स्टार्क यांनी 1989 मध्ये दाखवले होते, की शेतकरी मुली दूरच्या गावात देत, कारण दुष्काळ एकाच वेळी दोन्हीकडे पडत नाही आणि व्याही अडचणीला उपयोगी पडतो. कुटुंबाचा विमा उतरत होता, पण त्याचा हप्ता मुलगी माहेर तोडून भरत होती. टाउनसेंड यांनाही भूमिहीनांना या विम्याचे संरक्षण कमी मिळताना दिसले. कैवन मुन्शी आणि रोझेनझ्वाइग यांनी 2016 मध्ये मांडले, की जातीचे जाळे संकटात सांभाळते, म्हणूनच ते सोडून शहरात जायला माणसे कचरतात. आणि नाती टिकवण्याचे काम कोण करते? 2024 च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीनुसार बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला 289 मिनिटे जातात, ते करणाऱ्या पुरुषांची 88. पाहुण्यांचा चहा, सणाचा फराळ, आजाऱ्याचा डबा हे सारे त्या 289 मिनिटांत आहे. तेव्हा जुन्या वाड्यात परत चला, असे म्हणणे म्हणजे बाईला आणि भूमिहीनाला परत हप्ता भरायला लावणे. पण यातून नात्यांची गरज नाही असे ठरत नाही. जन्माने लादलेल्या नात्यांना निवडलेल्या नात्यांची जोड आणि पर्याय हवा, एवढे ठरते. जातीबाहेरची मैत्री, गल्लीतले वाचनालय, कामगारांची संघटना, बचत गट, नाटकाची मंडळी, टेकडीवर फिरायला जाणारा घोळका हे ते पर्याय. सासर-माहेरापलीकडे स्वतःचे माणूस असलेल्या बाईला घरात बोलण्याचे बळ येते. त्यामुळे सामाईक जागा आणि मोकळा वेळ यांची सर्वाधिक गरज ज्यांना जुन्या नात्यांनी जखडले, त्यांनाच आहे.

दुसरा आक्षेप मोजमापाचा. सुख विचारून कळते का? अमर्त्य सेन यांनी फार पूर्वी बजावले होते, की पिचलेला माणूस अपेक्षाच इतक्या कमी करतो की थोडक्यात समाधानी दिसतो. त्याच्या समाधानावर धोरण बेतले तर अन्यायाला प्रमाणपत्र मिळेल. हा इशारा मान्य केल्यामुळेच सुखाच्या शिडीवरच्या अंकाला शासनाचे उद्दिष्ट करणे मला पटत नाही. मध्य प्रदेशाने 2016 मध्ये आनंद विभाग काढला. असे विभाग माणसांना आनंदी राहायला शिकवतात आणि ते का आनंदी नाहीत हे विचारायचे राहून जाते. पण नाती हा सुखाचा अंक नव्हे. मदतीला येणारे कोणी आहे का, महिन्यात कोणाकडे जाऊन बसलात का, आजारपणात सोबत कोण होते, हे वस्तुस्थितीचे प्रश्न आहेत. सेन ज्याला माणसाची क्षमता म्हणतात तिचाच हा भाग. आणि वस्तुस्थिती गोडगोड नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागानुसार 2022 मध्ये तेलंगणात दर लाख लोकसंख्येमागे 26.3 आत्महत्या नोंदल्या गेल्या, देशात 12.4. नोंदणीची शिस्त राज्याराज्यांत वेगळी असते, त्यामुळे या तुलनेवरून घाईने निष्कर्ष काढू नये. पण देशभरच्या नोंदींत सर्वांत मोठे कारण कर्ज किंवा बेकारी नव्हते. 31.7 टक्के घटनांत कारण कौटुंबिक समस्या होते. माणसाला जगवणारे आणि मोडणारे घर एकच असते. घर मोडते तेव्हा जायला दुसरी जागा आणि बोलायला दुसरे माणूस असणे, हा फरक जीवनमरणाचा ठरतो.

तिसरा आक्षेप असा, की हे सरकारचे काम नाही. मैत्री काय कायद्याने करणार? मैत्री नक्कीच नाही. पण सामाईक मालमत्तेचे रक्षण एकेकट्याच्या शहाणपणावर सोडता येत नाही, हे अर्थशास्त्राचे जुने तत्त्व आहे, आणि कर्ज न घेणाऱ्यांचेही संबंध तुटले ही नोंद नेमके तेच सांगते. हैदराबादच्या इतिहासात याचे उत्तर आहे. निजामाच्या राज्यात मराठी, तेलुगू, कन्नड या जनतेच्या भाषांना राजाश्रय नव्हता, तेव्हा लोकांनी जागा उभ्या केल्या. सुलतान बाजारात श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम 1901 मध्ये सुरू झाले. केशवराव कोरटकर, वामनराव नाईक यांच्या पिढीने विवेक वर्धिनीसारख्या मराठी शिक्षणसंस्थेला बळ दिले. इसामिया बाजारात मराठी ग्रंथसंग्रहालय उभे राहिले. 1931 मध्ये ज्ञानकोशकार केतकरांच्या अध्यक्षतेखाली इथे मराठी साहित्य संमेलन भरले. 1956 मध्ये मराठवाड्याचे पाच जिल्हे वेगळे झाले आणि इथला मराठी माणूस एकदम अल्पसंख्य झाला. तरी मराठी साहित्य परिषद आणि तिचे ‘पंचधारा’ त्रैमासिक यांनी माणसे एकमेकांना धरून ठेवली. या संस्थांनी कोणाला सुखी व्हायला शिकवले नाही. त्यांनी खोली दिली, खुर्च्या दिल्या, संध्याकाळी दार उघडे ठेवले. बाकीचे माणसांनी केले. एका कपावर तासभर बसू देणारी इराणी हॉटेले त्याच शहराची देणगी. आज ती एकेक करून मिटत आहेत, आणि त्यांच्या जागी येणाऱ्या कॉफीच्या दुकानांत तासभर बसण्याचे दाम सामान्य माणसाला परवडत नाहीत. दाम न मोजता बसता येईल अशी जागा बाजार देणार नसेल, तर ती महापालिकेने आणि नागरी संस्थांनी द्यायची असते.

त्यासाठी नवे खाते नको, असलेल्या तरतुदी वापरल्या तरी पुष्कळ होईल. तेलंगणात मालमत्ता करावर आठ टक्के ग्रंथालय उपकर आकारला जातो. तो वेळेवर आणि पूर्ण ग्रंथालयांना मिळाला, आणि ग्रंथालये नोकरदार घरी परतल्यावरही उघडी राहिली, तर वस्तीवस्तीत भेटीची जागा तयार होईल. महाराष्ट्रात असा उपकरच नाही, तिथे त्याची मागणी करायला हवी. मेट्रो आणि बसचे मार्ग ठरवताना वाचणारा वेळ केवळ उत्पादनाच्या रुपयांत न मोजता घरी पोचण्याच्या वेळेतही मोजावा. कामाचे तास वाढवणाऱ्या प्रत्येक आदेशाबरोबर त्याचा कौटुंबिक परिणाम तपासून जाहीर करावा. बचत गटांच्या सभा मोबाइलवरच्या हप्त्याने संपवून टाकण्याचा मोह सूक्ष्मकर्ज संस्थांना आहे. कोलकात्याचा अनुभव सांगतो की ती काटकसर महागात पडते. आणि राष्ट्रीय नमुना पाहणीत प्रत्येक घराला एक प्रश्न वाढवावा : अडचणीत कोणाकडे जाल? त्याचे उत्तर जिल्हानिहाय दरवर्षी प्रसिद्ध झाले, तर दरडोई उत्पन्नाच्या शेजारी दुसरा आकडा उभा राहील आणि राज्यकर्त्यांना त्याचा जाब विचारता येईल. एरवी ज्याची नोंद नाही, त्याची घट कोणालाच खुपत नाही.

हे सगळे सरकारवर टाकून मोकळे होण्याचा अधिकार नागरिकांनाही नाही. बंदिस्त सोसायट्यांत व्यायामशाळा असते, जलतरण तलाव असतो, पण घरकाम करणारी बाई आणि पहारेकरी यांना बसायला बाक नसतो, आणि समोरच्या वस्तीतल्या मुलांना खेळायला आत प्रवेश नसतो. सामाईक जागा कुंपण घालून आपल्यापुरती केली, की ती सामाईक उरत नाही. मग शेजारी म्हणून फक्त आपल्यासारखेच लोक उरतात आणि संकटाच्या वेळी तेही आपल्याइतकेच एकटे निघतात. म्हणून सोसायटीच्या पुढच्या सर्वसाधारण सभेत वाहनतळाच्या वादानंतर दहा मिनिटे या प्रश्नाला द्या : आपल्या सभागृहाचे दार आठवड्यातून एक संध्याकाळ वस्तीसाठी उघडता येईल का? आणि प्रभागाचा नगरसेवक मत मागायला आला, तर रस्ता आणि दिव्यांबरोबर त्याला विचारा, की आमच्या प्रभागात पैसे न देता बसता येईल अशा जागा किती आहेत आणि पाच वर्षांत तुम्ही किती वाढवणार आहात. उत्तर आकड्यात मागा.